आप्पांच्या युफोनियमची किंमत : कामाच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

काम हातात घेतलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आप्पांनी उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम, म्हणजे मोठ्या तोंडाचं, जाड आवाजाचं पितळी फुंकवाद्य, वाजवलं. डॉल्बी आल्यावर वरातीत बँडला कुणी विचारेना, मग बँड मोडला आणि वाद्य पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलं. आता घरात वाटणी चाललीय. दोन मुलं, एक मुलगी. आप्पा म्हणाले, "इकायचं न्हाईच. पण थोरल्यानं ठेवून घेतलं तर बाकीच्या दोघांस्नी किती द्यायचं? आकडा लागतोय न्हवं? तू उद्यमनगरात आयुष्य काढलंस, पितळ तुझ्या हाताखालनं गेलंय. बघ की जरा."

उद्यमनगरातल्या कारखान्यात, टूलरूममध्ये पितळ खूप बघितलं, पण वाद्य म्हणून नाही. त्यामुळं आधी नीट बघायचं, लिहून ठेवायचं, आणि आकडा सगळ्यात शेवटी, असं ठरवून वही घातली.

आज फक्त पोतं सोडलं. सूनबाई चिंच आणि राख घेऊन उभ्याच होत्या; घासून लख्ख केलं की भाव चांगला येईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांना थांबवलं. वाद्य वरवर काळपट दिसतं, पण खाचाखोचांत पांढरी झाक आहे. म्हणजे एके काळी यावर चांदीचा मुलामा होता. वर्षानुवर्षं दसऱ्याला घासून घासून तो गेला, आणि त्याच्यासोबत कर्ण्यासारख्या तोंडावरची कोरीव अक्षरंही निम्मी झिजली. जुन्या वस्तूत जाणकार माणूस पैसे मोजतो ते याच अक्षरांचे. आणखी एकदा घासलं तर उरलेलीही जातील. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ तेवढी झटकली.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. दुकान बंद, म्हणून दुपार मोकळी मिळाली.

अक्षरं समोरून बघितली तर काही कळत नाही. खोलीत अंधार केला, बॅटरी पत्र्याला अगदी चिकटवून आडवी धरली, आणि हळूहळू ओळी उठून दिसायला लागल्या. बूझी अँड कंपनी. मेकर्स. २९५ रीजंट स्ट्रीट, लंडन. त्याखाली बारीक अक्षरांत ब्लेकलीचं पेटंट, कॉम्पेन्सेटिंग पिस्टन्स. त्याखाली पाच आकडी क्रमांक. शेवटचा आकडा ३ की ८ यावर थोरला आणि मी बराच वेळ घालवला. शेवटी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, तेव्हा ३ निघाला.

एवढ्या अक्षरांवरून बरंच कळतं. बूझी ही मुळात संगीताची पुस्तकं छापणारी लंडनची कंपनी. १८६८ मध्ये तिनं डिस्टिन यांचा पितळी वाद्यांचा कारखाना विकत घेतला आणि स्वतःची वाद्यं बनवायला लागली. रीजंट स्ट्रीटचा पत्ता १८७४ पासूनचा. १९३० साली हॉक्स कंपनीशी तिचं एकत्रीकरण झालं आणि नाव बूझी अँड हॉक्स झालं. आपल्या वाद्यावर हॉक्सचं नाव नाही. म्हणजे हे १९३० च्या अलीकडचं नाही, इतकं नुसत्या नावावरून म्हणता येतं. क्रमांकावरून आणखी जवळ जाता येतं. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आज लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत, आणि अशा नोंदींच्या आधारे अभ्यासकांनी क्रमांकांच्या याद्या केल्यात. त्या यादीत हा क्रमांक १९०५ ते १९१० च्या दरम्यान बसतो.

म्हणजे वाद्य शंभरी ओलांडलेलं आहे. ही गोष्ट पुढं किमतीच्या आड येणार, असं आत्ताच वाटतंय. कायद्याचं बघायला हवं.

२१ जुलै, रविवार

आजचा पूर्ण दिवस पिस्टनच्या मागच्या बाजूवर गेला, आणि मला त्यात फार आनंद मिळाला.

साध्या तीन पिस्टनच्या वाद्यात प्रत्येक पिस्टनला एक जादा नळी जोडलेली असते. पिस्टन दाबला की हवा त्या नळीतून वळसा घेऊन जाते, एकूण लांबी वाढते, सूर खाली येतो. या वाद्यात मात्र मागं आणखी छोट्या छोट्या वळशाच्या नळ्या आहेत. आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्या हायतच. कशाला हायत, कुणी सांगितलंच न्हाई."

गणित करून बघितलं. सूर एक पूर्ण स्वर खाली आणायला मूळ नळीच्या १२.२ टक्के जादा लांबी लागते. हा पहिला पिस्टन. तिसरा दीड स्वर खाली नेतो, त्याला १८.९ टक्के. दोन्ही एकदम दाबले की ३१.१ टक्के भर पडते. पण अडीच स्वर खाली जायला हव्यात ३३.५ टक्के, कारण आता मूळ नळीच लांब झालेली असते आणि लांब नळीला भरही त्याच प्रमाणात जास्त लागते. युफोनियमची नळी सगळी उलगडली तर पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर नळी कमी पडते आणि सूर चढा लागतो. तिन्ही दाबले तर बारा सेंटिमीटरची तूट.

बूझीच्या कारखान्यातल्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये यावर तोड काढली. तिसरा पिस्टन दाबला की त्याच्यातून निघालेली हवा परत पहिल्या आणि दुसऱ्या पिस्टनमधून फिरून येते. त्या वेळी जो पिस्टन दाबलेला असेल त्याची मागची छोटी नळी वाटेत जोडली जाते, आणि तूट बरोबर भरून निघते. वाजवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. एका पिस्टनमध्ये इतकी भोकं, तीही तिरकी, एकमेकांना न कापता नेलेली. आमच्याकडं आज सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, हे करायचं म्हटलं तरी ड्रॉइंग बघून पोरं डोकं खाजवतील. हे त्या काळी हातानं झाळून केलेलं आहे, आणि शंभर वर्षांनंतरही झाळलेले सांधे सुटलेले नाहीत.

किमतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की हे साधं युफोनियम नाही, त्या काळातलं वरच्या दर्जाचं आहे. आजही लंडनच्या परंपरेतली चांगली युफोनियमं याच तत्त्वावर बनतात आणि नवीन घ्यायला गेलं तर काही लाखांत जातात. थोरल्यानं ते ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. त्याला म्हटलं, थांब, अजून सूर बघितलेला नाही.

२६ जुलै, शुक्रवार

काम नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलीय. शाहूपुरीतल्या पाहुण्यांचं सामान हलवण्यात दिवस गेला.

४ ऑगस्ट, रविवार

पावसानं उघडीप दिली. सकाळी शरीरतपासणी, दुपारी सूर.

मुख्य स्लाईड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, घट्ट बसलेली. पक्कड लावून ओढायची नाही, हे आधीच ठरलेलं. सांध्यावर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवलं होतं. आज गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं आणि कापडाची पट्टी आतून घालून दोन्ही हातांनी सरळ ओढली, तशी सुटली. पिस्टन बाहेर काढून मायक्रोमीटर लावला. पहिल्याचा प्ले, म्हणजे सैलपणा, बाकीच्या दोघांच्या जवळजवळ दुप्पट आहे, म्हणजे हवा थोडी गळणार. दुसऱ्याची खालची टोपी मूळची नाही. आटे वेगळे आहेत आणि बळंच फिरवून बसवलीय. तोंडाला दोन मोठे पोचे, खालच्या कमानीला बारके बरेच. माउथपीस मेरठचा.

सगळ्यात जास्त काळजी होती ती माउथपीसच्या पुढच्या नळीची. श्वासातला ओलावा आधी तिथंच साठतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओलाव्यानं जस्त निघून जातं आणि गुलाबी, सच्छिद्र तांबं मागं उरतं. वरून बघितलं तर गुलाबी डाग आणि मधोमध काळा ठिपका दिसतो. असा डाग वरून दिसला की समजायचं, नळी आतून खाल्लेली आहे. इथं एक डाग सापडला, शेंगदाण्याएवढा. नळी अजून फुटलेली नाही, पण खरेदी करणाऱ्याला हे सांगितलंच पाहिजे.

दुपारी आप्पांनी वाजवलं. ओठ तयार नव्हते, तरी पहिला लांब सूर आला आणि शेजारच्या दारात माणसं येऊन उभी राहिली. मोबाईलवर सूर मोजणारा ट्यूनर लावला होता. काटा सरळ बसेना. प्रत्येक सूर चढा, आणि सगळे साधारण सारखेच चढे, पंचेचाळीस सेंटच्या आसपास. शंभर सेंट म्हणजे एक सेमीटोन, अर्धा स्वर. म्हणजे हे वाद्य जवळजवळ अर्ध्या सेमीटोननं वर आहे. स्लाईड पुरती बाहेर ओढली तरी पूर्ण खाली येत नाही.

हा वाद्याचा दोष नाही. हे वाद्य बनलं तेव्हा इंग्लंडातले बँड उंच सुरात वाजायचे. वाद्यं ज्यावर जुळवतात तो 'ए' चा सूर आज ४४० हर्ट्झ धरतात, तेव्हा तिथल्या बँडांत तो ४५२.५ होता. ब्रास बँडांत ही पद्धत १९६० च्या दशकापर्यंत टिकली. दोन्हींतला फरक मोजला तर ४८ सेंट भरतो, आणि आपल्या काट्यानंही जवळपास तेवढाच दाखवला.

आप्पांना हे समजावून सांगितलं, तसे ते गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या बँडात सगळीच वाद्यं जुनी व्हती, तवर कुणी काय बोललं न्हाई. कॅसिओ आला आन् पोरं म्हणाय लागली, आप्पाचा सूर जुळत न्हाई, ओठ गेलं आप्पाचं. मी पण तेच धरून बसलो." कीबोर्ड ४४० वर बांधलेला, युफोनियम ४५२.५ वर. ते जुळणं शक्यच नव्हतं. ओठ ठीक होते, कान ठीक होते. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, आणि इथं मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे घरातल्या पोरांनाही वाचता येईल.

किमतीच्या बाजूनं मात्र हे जड आहे. आजच्या वाजवणाऱ्याला हे वाद्य आहे तसं उपयोगाचं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, आणि आज केशवरावांची जयंती. सकाळी तिकडं जाऊन आलो. माणसं नुसती उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते वाद्याचे फोटो काढण्याचं. अक्षरं आडव्या उजेडात, क्रमांक, तिन्ही पिस्टन वेगवेगळे, मागच्या नळ्या, प्रत्येक पोचा, गुलाबी डाग. पेन्सिलीनं उतरवलेला कागद स्कॅन केला. मोजमापांसह सगळ्याची एक प्रत आप्पांच्या मुलीच्या घरी, सांगलीला पाठवली. वस्तू आणि तिची माहिती एकाच कपाटात ठेवायची नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

भाव काढायला सुरुवात. जो तो वेगळा आकडा सांगतो, आणि आपापल्या जागी प्रत्येकाचा आकडा खरा आहे.

आधी मोडीचा. भांड्यांच्या दुकानात वजन केलं, ३ किलो ८०० ग्रॅम. मोडीला किलोमागं ४२० रुपये, म्हणजे १,५९६. दुकानदार भला माणूस, त्यानंच सांगितलं, "हे मोडीत घालू नका हो." याच्या खाली किंमत जाणार नाही, एवढाच या आकड्याचा उपयोग.

पन्हाळ्याच्या वाटेवर एक हॉटेल उभं राहतंय. त्यांच्या सजावटवाल्याला भिंतीवर टांगायला हवंय, १२,००० देतो म्हणाला. त्याला ब्लेकलीशी काही देणंघेणं नाही. उलट घासून चकचकीत करून द्या अशी अट. बँडवाल्यांकडं चौकशी केली. मेरठच्या जळी कोठी भागात आजही पितळी वाद्यं बनतात आणि देशभरातले बँड तिथूनच घेतात. चालू स्थितीतलं मेरठचं जुनं युफोनियम इकडं आठ-नऊ हजारांत मिळतं, आणि ते कीबोर्डशी जुळतं. म्हणून वाजवायला घेणारा आपल्या वाद्याला त्याहून जास्त देणार नाही. मुंबईच्या चोर बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर पाऊण तास बघितलं. अक्षरांवर त्यानं कॅमेरा तीनदा न्यायला लावला. शेवटी १८,०००, आहे त्या स्थितीत. क्रमांक विचारणारा तो एकटाच.

राहिलं परदेश. थोरल्यानं इंटरनेटवर दोन लाखांची जाहिरात काढून दाखवली. त्याला म्हटलं, हा मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही. मागायला कुणी काहीही मागेल. विकल्या गेलेल्या वाद्यांचे आकडे वेगळे बघता येतात, ते लावून बसलो. इंग्लंडात ही जुनी उंच सुराची युफोनियमं भरपूर आहेत, आणि सुरामुळं त्यांना तिथंही गिऱ्हाईक कमी. बहुतेक १०० ते ३०० पौंडांच्या दरम्यान गेलेली दिसली. वस्तू जुनी आहे म्हणून दुर्मीळ असतेच असं नाही, हे थोरल्याला पटायला वेळ लागला.

आणि तिथं पाठवायचं म्हटलं तरी वाट बंद आहे. पुरावशेषांबाबतचा १९७२ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षं वा त्याहून जुन्या अशा वस्तूंना लागतो. त्या देशाबाहेर नेणं खासगी माणसाला मना आहे. मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा. कुणी म्हणेल, एक बाजा कोण बघतंय, कुरिअरनं जाईल. ती वाट या वहीत धरलेली नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

महाराजांच्या बँडचा प्रश्न. घरात पहिल्यापासून सांगतात की हे कोल्हापूर संस्थानच्या बँडमधलं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतर सामान निघालं त्यात आप्पांच्या वडिलांनी घेतलं. हे सिद्ध झालं तर किंमत बदलते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळातली वस्तू म्हटल्यावर माणूस खिशाकडं बघत नाही.

पुन्हा आडव्या उजेडात इंच इंच बघितलं. इंग्रजी पलटणींची वाद्यं असली की पलटणीचं नाव किंवा सरकारी बाणाचा शिक्का असतो. तसं काही नाही. पण तोंडाच्या आधाराच्या पट्टीखाली, बोट नीट पोचत नाही अशा जागी, ठोशानं मारलेला एक आकडा सापडला : ६. देवनागरी. बारीक ठिपक्याठिपक्यांनी उठवलेला, खालची शेपटी जरा लांब. आप्पांना दाखवला तर त्यांनाही नवा; साठ वर्षं ज्या पट्टीला धरून वाजवलं तिच्याखाली तो होता.

यावरून काय म्हणता येतं? कुठल्यातरी मोठ्या बँडनं आपल्या वाद्यांना क्रमांक दिले होते आणि तो बँड देवनागरीत हिशेब ठेवत होता. संस्थानचा असू शकतो. एखाद्या सावकाराचा खासगी बँडही असू शकतो. दसऱ्याच्या मिरवणुकीचे जुने फोटो दोघांकडं बघितले, पण त्यांत वाद्याच्या पट्टीखालचं काय दिसणार! कागद हवा : विक्रीची पावती, साठ्याची यादी, काहीतरी. संस्थानचे जुने कागद इथल्या पुरालेखागारात आहेत, मोडी लिपीत. मोडी वाचणारा सोबत घेऊन बसावं लागेल, आणि ते काम वाटणीच्या मुदतीत होण्यासारखं नाही.

म्हणून आजच्या किमतीत या आठवणीचा एक रुपयाही धरत नाही. पण आठवण पुसायचीही नाही. आप्पांनी वडिलांकडून काय ऐकलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, खाली तारीख घातली, त्यांची सही घेतली.

१ सप्टेंबर, रविवार

आकडा दिला. तिन्ही भावंडं आणि आप्पा समोर बसले होते.

वाटणीसाठी किंमत १८,००० रुपये. कारण विचारलं धाकट्यानं, आणि विचारायलाच पाहिजे होतं. वाटणीत जी किंमत धरायची ती अशी हवी, की उद्या थोरल्यावर वेळ आली तर तेवढे पैसे त्याला इथं, कायद्यात राहून, खरोखर उभे करता यावेत. हॉटेलचा आकडा घेतला तर वाद्य वाद्य राहत नाही. लंडनचा घेतला तर तो हातात येतच नाही. अक्षरं, क्रमांक आणि पिस्टन बघून ज्यानं आकडा सांगितला, त्याचा धरला. दुरुस्ती आधी करून मग जास्त मागता येईल, असंही धाकट्यानं सुचवलं. टोपी आणि पोचे काढण्यात जो खर्च होईल तो वरच्या भावातून परत मिळेलच याची खात्री नाही. आणि पोचे काढताना त्या गुलाबी डागाजवळ हात लागला तर नळी जायची. वाटणीआधी हात लावायचा नाही.

थोरल्यानं वाद्य घेतलं. भावाला ६,००० आणि बहिणीला ६,०००. बहीण म्हणाली, मला पैसे नकोत. आप्पांनी ऐकलं नाही, "हिशोब हिशोबावानी."

वाटणीच्या कागदात माझ्या सांगण्यावरून एक कलम घातलं : पुढं संस्थानच्या बँडचा पुरावा मिळाला आणि वाद्य जास्त किमतीला गेलं, तर १८,००० च्या वरची रक्कम तिघांत समान. सोबत फोटो, मोजमापं, आप्पांचं निवेदन जोडलं. चोर बाजारातल्या व्यापाऱ्याला फोन करून विकणार नसल्याचं कळवलं. त्यानं वेळ दिला होता, त्याला लटकत ठेवणं बरं नव्हतं.

आता पुढचं. आप्पांचा नातू कीबोर्ड वाजवतो आणि दोघांना एकत्र बसायचंय. ४८ सेंट खाली यायला एकूण नळी २.८ टक्के, म्हणजे आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढायला हवी. मुख्य स्लाईड दोन पायांची, तेव्हा प्रत्येक पाय चार सेंटिमीटर लांब. तीन पिस्टनच्या स्लाईडही आपापल्या प्रमाणात थोड्या बाहेर ठेवाव्या लागतील. मागच्या छोट्या नळ्यांचा फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आतला आहे, तो ओठानं सांभाळता येईल. मूळ स्लाईडला करवत लावायची नाही. तिच्या मापाची दुसरी, लांब स्लाईड उद्यमनगरात बनवतो. मूळची वाद्यासोबतच राहील. बाहेरचा व्यास व्हर्नियरनं घेतलाय, त्या मापाची पातळ पितळी नळी तयार मिळत नाही, ओढून घ्यावी लागेल. गणपतीआधी होणार नाही. आप्पांना दसऱ्याचा वायदा केलाय.